घामाघूम आणि खडखडीत

माझ्या नणंदबाई लोकांच्या तोंडाला पावडर लावतात. कुचेष्टा नाही करत, पोट भरायचा धंदाच आहे तो त्यांचा. टीव्हीच्या एका वाहिनीवर संध्याकाळी चर्चा चालतात ना, त्यात बसणाऱ्या पाहुण्यांची कपाळं, नाकं आणि टकलं दिव्यांखाली चमकू नयेत, एवढं बघायचं. पुढारी असो, डॉक्टर असो, नाहीतर कुणी लेखक, सगळे आधी ताईंच्या खुर्चीत येऊन बसतात, गळ्यात कागदी रुमाल खोचून घेतात आणि लहान मुलासारखे डोळे मिटतात. तिथले लोक त्यांना पावडरमावशी म्हणतात. घरात आम्ही सगळे ताई म्हणतो.

त्यांची ती खोली मी पाहिली आहे. खिडकी नाही. आरशाभोवती बल्बांची माळ, समोर स्पंजांचा ट्रे, केसांच्या फवाऱ्याचा घशात बसणारा वास. पंखा आहे, पण लावायचा नाही, पावडर उडते. असल्या खोलीत उभ्या आयुष्यातला निम्मा वेळ काढलेल्या बाईला माणसाची पारख येणारच, असं सगळ्यांना वाटायचं. ताईंना तर सगळ्यात जास्त वाटायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ज्याच्या कपाळावर पावडर ठरत नाही, त्याचं बोलणंही ठरत नाही." म्हणजे घाम आला की माणूस खोटारडा. आता एवढ्या वर्षांत दोन-चार वेळा हे खरं निघालं. एक मोठा कारखानदार त्यांच्या खुर्चीत पाझरला होता आणि पुढे त्याची सगळी लबाडी बाहेर आली. जेव्हा खरं निघालं नाही, ते ताई विसरल्या. आपण सगळेच विसरतो, पण त्या फार ऐटीत विसरायच्या. मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा माझ्याशी गोड गोड बोलत त्या माझ्या कपाळाकडेच बघत होत्या. नशीब माझं, थंडीचे दिवस होते.

आमच्या घरात ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यालाही कारण आहे. सासरे गेले तेव्हा माझ्या नवऱ्याला अजून शाळेचं दप्तरही सांभाळता येत नव्हतं. ताईंनी शिक्षण सोडलं, मिळेल ते काम धरलं, भावाला मोठं केलं. त्यामुळे कुठला डॉक्टर, कुठला फ्रिज, भिंतीला कुठला रंग, सगळ्याला सासूबाईंचं एकच उत्तर, "ताईला विचारा." ताई शहरात राहायच्या, फोनवर निकाल द्यायच्या, आणि आम्ही माना डोलवायचो. मी जरा कमी डोलवायची, एवढंच.

आता घराचं सांगते. आमचं घर समुद्राच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत, आणि गल्लीतलं सगळ्यात खालचं. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागे खिडकीशी सासूबाईंची खाट. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. वॉकर धरून मोरीपर्यंत जायचं तरी दोनदा थांबायचं. खारट दमट हवेनं माझ्या सुया डबीतल्या डबीत गंजायच्या, भिंतीला कमरेपर्यंत मिठाचा लोणा धरलेला. मोठ्या भरतीला पाणी आधी गल्लीच्या तोंडाशी यायचं, मग मधल्या नळापर्यंत यायला लागलं, आणि मग एकदा आमच्या पायरीला टेकून गेलं.

त्याच सुमाराला वर चढावर, पाण्याच्या टाकीमागे, दोन खोल्या रिकाम्या झाल्या. घरमालक नवऱ्याच्या ओळखीचा. "घ्यायच्या असतील तर महिनाअखेर सांगा, मग मी थांबणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, चला. नवरा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा." तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि इंजिन सोडून जगातल्या कुठल्याही गोष्टीत त्याचं तळ्यात-मळ्यात चालू असतं. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही हलत. या खिडकीतून तुझे सासरे बोटीवरनं हात करताना दिसायचे."

"आई, पाणी आत येणार आहे एक दिवस," मी म्हटलं.

"कशावरून?"

"दिसत नाही का? दरवर्षी वर चढतंय ते."

"मी इथे आले तेव्हापासून समुद्र वर-खाली होतोय. त्याचं कामच ते." मग नेहमीचं. "ताईला विचार. तिच्याकडे येतात ना ते शास्त्रज्ञ, त्यांना विचारून सांगेल ती."

आणि बघा योगायोग. त्याच आठवड्यात ताईंच्या वाहिनीवर हाच विषय होता, समुद्र खरंच वर येतोय की उगाच बोंबाबोंब चाललीय. वाहिनीचा नियम असा की एक बाजूने बोलणारा, एक विरोधात बोलणारा. पडदा बरोबर मधोमध कापायचा, अर्धा ह्याला, अर्धा त्याला. उद्या कुणी म्हणालं दोन आणि दोन चार, तरी ही मंडळी पाच म्हणणारा एक शोधून आणतील आणि दोघांना सारखी पावडर लावतील.

बाजूने बोलणारे प्राध्यापक होते, समुद्राचा अभ्यास करणारे. खुर्चीत बसले आणि घामाची धार लागली. ताई टिपताहेत, पावडर लावताहेत, पावडरचा लगदा होतोय, परत टिपताहेत. ताईंनी तिथल्या तिथे त्यांचं नाव ठेवलं घामाघूम. विरोधात बोलणारे गृहस्थ कुठल्यातरी संस्थेचे, रुबाबदार, चेहरा कसा पाटीसारखा कोरडा. त्यांचं नाव पडलं खडखडीत.

ताईंनी घामाघूमना विचारलं, "सर, माझ्या आईचं घर अगदी समुद्राला लागून आहे. घरात पाणी येईल का हो?"

घामाघूम म्हणाले, "समुद्र वर येतोय, यात शंका नाही. आपण जाळतो त्या कोळसा-तेलामुळे येतोय, यातही नाही. पण तुमच्याच घरात, कुठल्या वर्षी, किती येईल, हे मी नाही सांगू शकत. शक्यता वाढत जाणार, एवढं नक्की."

"म्हणजे येईल की नाही?"

"शक्यता..." म्हणाले आणि परत कपाळ पुसलं.

मग खडखडीत बसले. तोच प्रश्न. डोळे मिटलेलेच ठेवून ते हसले. "अहो बाई, हवामान काय आज बदलतंय? ते कायमच बदलत आलंय. ह्या लोकांना विचारा, खात्री आहे का, की लगेच चाचपडायला लागतात. निवांत झोपा." एका हातात झालं, म्हणे. पावडर अशी बसली की स्पंज दुसऱ्यांदा फिरवायला लागला नाही.

संपलं. ताईंचा फोन आला, सासूबाईंनी स्पीकर लावायला लावला. "काही हलायची गरज नाही," ताई म्हणाल्या. "घाबरवणाऱ्याला स्वतःलाच खात्री नाही. घाम बघितला असतास त्याचा!"

"ताई, अहो घामावरून काय ठरवता?" मी ओरडलेच. "खोलीत पंखा तरी लावता का तुम्ही?"

"दुसऱ्याला नाही आला तो? त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली?"

आता ह्याला काय बोलणार! खरं सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. त्या रात्रीची चर्चा मी डोळ्यांत तेल घालून बघितली होती. घामाघूम एकेक वाक्य तोलून बोलत होते, "बहुधा" आणि "साधारणपणे" म्हटल्याशिवाय पुढे सरकत नव्हते. खडखडीत धडाधड बोलत होते. माझ्याकडे कपडा शिवायला येणारी बाई विचारते, "बसेल ना अंगात?" तेव्हा मी काय म्हणते? "बसेल म्हणजे काय, बसलाच समजा." बहुधा बसेल म्हणाले तर उद्या एक गिऱ्हाईक फिरकणार नाही. मग मोठा अभ्यास केलेला माणूस छातीठोक का बोलत नाही? आणि जो म्हणतो आपल्याला काहीच ठामपणे माहीत नाही, तो एवढा ठाम कसा? डोक्याचा नुसता भुगा झाला. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे." मी हातातली कात्री खाली ठेवली, म्हटलं उगाच काही व्हायला नको.

गल्लीतही तेच. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा पाणी येणार, समोरचे निवृत्त मास्तर म्हणायचे भिंत नीट बांधली की झालं. चार तोंडं, चार मतं. मी सकाळी एकीकडे असायची, दुपारी दुसरीकडे. सासूबाई मात्र निवांत. मुलीनं सांगितलं होतं ना.

आणि महिनाअखेर यायच्या आतच, एका दुपारी पाणी आत आलं.

ढग नाही, वारा नाही, लख्ख ऊन. मी शिवलेले गणवेश द्यायला चढावरच्या शाळेत गेले होते, तिथून निघायला उशीर झाला. परत येते तो गल्लीत पोटरीपर्यंत पाणी, आणि त्यात निळं आभाळ दिसतंय. असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, लाटा नाहीत, गुपचूप आलेलं. धावता येईना, साडी पायात अडकायला लागली. दार ढकलून आत गेले तर सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. खाटेखाली पाणी, वॉकर आडवा होऊन तरंगत मशीनपाशी गेलेला. फोन टेबलावर, हात पोचणार नाही असा.

"आई!"

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "फरशी धुवून निघाली." ओठ मात्र पांढरे पडले होते, आणि माझा हात धरला तो सोडेनात.

ओहोटीबरोबर पाणी गेलं. मशीनची मोटार गेली, दोन ठाण कापड गेलं, ते जाऊ दे. मी ताईंना फोन केला आणि जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. नेहमी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत त्या. त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या ते दोघं परत येणार आहेत. तू पण ये. मला एकटीला त्यातलं काही सुधरणार नाही."

मी गेले. सासूबाईंपाशी नवऱ्याला बसवलं, इंजिन मरू दे म्हटलं. दारापाशीच्या स्टुलावर मला बसवून ताईंनी घामाघूमना खुर्चीत घेतलं आणि गळ्यात रुमाल खोचायच्या आधीच सुरू झाल्या. "आलं की हो पाणी! आता तरी सांगा, हे तेच का, तुम्ही म्हणता ते?"

त्यांनी डोळे उघडले. खरंच सांगते, मला वाटलं आता तरी छाती काढतील, म्हणतील, मी सांगितलं नव्हतं? तर ते म्हणाले, "एका भरतीवरून मी तसं नाही सांगू शकत. काल चंद्र जवळ होता, भरती मोठी होतीच. समुद्र आधीच वर आलाय म्हणून ती तुमच्या घरात पोचली, असं बहुधा म्हणता येईल. पण नेमका वाटा कुणाचा किती, ते..."

"अरे देवा!" ताईंनी स्पंज ट्रेमध्ये आपटला. "अहो, पाणी घरात येऊन गेलं तरी बहुधाच का?"

घामाघूमच्या कानामागून घाम मानेवर उतरत होता. ताई बघत राहिल्या आणि मग इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं त्यांनी विचारलं. "तुम्हाला एवढा घाम का येतो हो?"

"भीतीनं," ते म्हणाले.

"कॅमेऱ्याच्या?"

"हो, त्याच्याही. एक शब्द जास्त बोललो तर हा मला खोटं पाडेल, आणि मग खरं बोललेलंही पाण्यात जाईल. एक शब्द कमी बोललो तर कुणी जागचं हलणार नाही. तो मधला शब्द मला रोज शोधावा लागतो." हे त्यांनी खडखडीतांकडे मान वळवून म्हटलं. ते कोपऱ्यात कॉफी पीत उभे होते, आणि गंमत बघा, दोघं एकमेकांना अरे-तुरे करत होते. कॉलेजात एका बाकावर होते म्हणे. हे ऐकून तर मी आणखीच चक्रावले.

"आणि तुम्हाला का नाही येत?" ताई तिकडे वळल्या.

खडखडीत मोकळेपणाने हसले. "मला कशाला येईल? सिद्ध त्याला करायचंय. मला नुसती शंका घ्यायची असते. ह्यात हरता येत नाही, बाई."

"बरं, मग तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात निवांत झोपा. आई तिथेच झोपू दे ना? ठेवू ना तिला तिथेच?"

"छे छे," ते म्हणाले. कप खाली ठेवला. "ते मी कसं सांगणार? तुमचं घर मी बघितलेलं नाही. मी आपलं सर्वसाधारण बोलत होतो. त्याची जबाबदारी माझ्यावर घालू नका."

ताईंच्या हातात पावडरचा डबा तसाच. ज्याला खात्री होती त्याचे हात वर, आणि ज्याला नव्हती तो घामानं भिजलेला. कुणाचं काय धरायचं?

तेवढ्यात दारातून कुणीतरी "चला, चला, दोन मिनिटं" म्हणून हाक मारली. घामाघूम कपाळ पुसत उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "तुमच्या आईंना पाण्यातून चालता येतं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "कोरड्या फरशीवरही धड येत नाही."

ते काहीतरी बोलणार होते, पण हाक मारणाऱ्यानं त्यांचा दंड धरला. दोघे मित्र एकामागोमाग दिव्यांकडे गेले. भिंतीवरच्या मुक्या टीव्हीत पडदा मधोमध कापला गेला आणि दोन अर्ध्या तुकड्यांत ते बोलायला लागले. ताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चल."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी दोनदा विचारलं, "ताई, काय सांगणार आहात आईंना?" पहिल्यांदा त्यांनी नुसता पर्सचा पट्टा नीट केला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तू माझ्या जागी असतीस तर काय सांगितलं असतंस?" इतकी वर्षं मला वाटत होतं की ताईंनी एकदा तरी मला विचारावं. विचारलं एकदाचं. पाणी परत येईल? येईल. कधी? देव जाणे. पुढल्या महिन्यात, पुढल्या दहा वर्षांत, की आम्ही हलल्यावर कधीच नाही आणि गल्ली आम्हाला हसेल? घामाघूमसारखी मी नुसती शक्यता-शक्यता करत बसले.

घरी पोचलो. नवरा उंबऱ्यात उभा राहिला. सासूबाई खाटेवर होत्या. फरशी अजून ओलसर होती, खारट वास येत होता. ताई खाटेच्या पायथ्याशी बसल्या, खांद्यावरची पर्स तशीच.

"काय म्हणाले गं तुझे शास्त्रज्ञ?" सासूबाईंनी विचारलं. "येणार का पाणी?"

"एक म्हणतात येणार, पण कधी आणि किती ते नाही सांगत. दुसरे म्हणतात कशावरून येणार, पण राहा असंही म्हणायला तयार नाहीत."

"मग खरं कुणाचं?"

"पहिल्यांचं असावं. मला नीट नाही कळत आई. मी त्यांच्या घामावरून निकाल दिला होता तुला."

सासूबाई थांबून राहिल्या. त्यांना निकाल हवा होता, नेहमीसारखा. ताईंनी दोनदा तोंड उघडलं. आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "मला भीती वाटते गं आई. तू त्या पाण्यात एकटी बसली होतीस आणि मी इथे नव्हते. काल रात्रभर मला तेच दिसत होतं."

सासूबाईंनी एकदा खिडकीकडे बघितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "बरं. मग जाऊया वर."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे काय? इतके दिवस मी कानीकपाळी ओरडतेय, जाऊया, जाऊया, तेव्हा नाही ते? आणि ह्यांनी एकदा म्हटलं की लगेच?"

"भीती वाटते असं तू कुठे म्हणालीस?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तू म्हणायचीस पाणी येणार. हा म्हणायचा दोन्ही बाजू बघू. ही म्हणायची येणार नाही. सगळे आपले समुद्राचं बोलत होतात. मला वाटलं, ह्यांना घर हलवायचंय आणि मी आपली सामानात."

मला काहीतरी तिखट बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. दारातून त्यांना पहिल्यांदा त्या पाण्यावर बसलेलं पाहिलं, तेव्हा माझ्या छातीत काय झालं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोटार गेली, कापड गेलं, हे सगळ्यांना सांगितलं.

"मलाही वाटते, आई," मी म्हटलं. "खूप वाटते."

"आत्ता सांगतेस?" त्या म्हणाल्या, आणि दुखरे पाय हातांनी उचलून जरा बाजूला घेतले आणि मला बसायला जागा केली.